शेवटचा हात कुणाचा? फवारणीतले मृत्यू आणि कायद्यातले 'कारण'

मागच्या वेळी आपण 'हेतू' आणि 'ज्ञान' या दोन शब्दांपाशी थांबलो होतो. आज त्याच्या अलीकडची पायरी बघायची आहे. खरं तर ती आधी यायला हवी होती, कारण हेतूचा विचार करण्याआधीच न्यायालयाला एक प्रश्न सोडवावा लागतो. माणूस मेला, हे दिसतंय. समोर एक आरोपी उभा आहे, हेही दिसतंय. पण हा माणूस त्या माणसाच्या मृत्यूचं 'कारण' आहे, असं कशाच्या जोरावर म्हणायचं? वार केला आणि माणूस जागीच पडला, तर प्रश्न फारसा येत नाही. येतो तो वार आणि मृत्यू यांच्यामध्ये आणखी माणसं, आणखी दिवस, आणखी निर्णय आले की.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं, वकिली केली नाही. त्यामुळे कलमं सांगू, पण कोर्टात उभं राहायची वेळ आली तर वकिलाकडेच जा. आज आम्ही बघणार आहोत ती कलमांमागची विचाराची गाठ.

उदाहरण लांबून आणायची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यातला २०१७ चा खरीप आठवा. जुलै ते ऑक्टोबर. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एकामागून एक माणसं येऊ लागली. उलट्या, धूसर झालेली नजर, श्वास लागलेला, काहींना भ्रम झालेला. सगळे कपाशीवर फवारणी करून आलेले. शेकडो जणांना विषबाधा झाली आणि एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले. प्रकरण नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिकेतून गेलं. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं. त्या पथकाने मोनोक्रोटोफॉसवर बंदीची शिफारस केली, आणि रक्तातल्या कोलिनेस्टरेजची तपासणी करायची सोय रुग्णालयांत हवी, असंही म्हटलं. ही तपासणी आज पुढे पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

आता त्या वर्षी झालं काय ते बघा. पाऊसपाणी असं की पऱ्हाटी माणसाच्या डोक्याबरोबर गेली, काही ठिकाणी डोक्याच्याही वर. दाटी इतकी की दोन ओळींमधून जाताना दोन्ही बाजूंची पानं अंगाला घासायची. गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीला दाद देईना, म्हणून फवारण्या वाढल्या. दोन-तीन औषधं एकत्र कालवायची, वर वाढीचं टॉनिक घालायचं, हा प्रघात होताच. त्यात बॅटरीवरचे आणि पेट्रोलवरचे पंप आले. हातपंपापेक्षा त्यांचा मारा जास्त आणि फवारा बारीक. पूर्वी औषध झाडाच्या कमरेवर पडायचं. आता ते माणसाच्या तोंडासमोर ढगासारखं उभं राहू लागलं. मास्क नाही, हातमोजे नाहीत, बरेचदा अंगात नुसती बनियन. दुपारी त्याच हाताने भाकर.

आणि एक गोष्ट जाता जाता. आपण त्याला 'औषध' म्हणतो. 'औषध मारायचं आहे', 'औषध आणलं का'. विषाला औषध म्हणणारी भाषा माणसाला सावध कशी करणार? हा प्रश्न भाषेचा वाटतो, पण थोड्या वेळाने तो कायद्याचा होणार आहे.

तर मृत्यू झाला. त्याच्या मागे किती जण उभे आहेत, मोजा. ज्याने रसायन बनवलं ती कंपनी. ज्याने त्याला नोंदणी दिली ती सरकारी यंत्रणा. ज्याने विकलं आणि 'याच्यात हे पण टाका' असा सल्ला दिला तो कृषी केंद्रवाला. ज्याने मजुराला रोजाने लावलं तो शेतमालक. ज्याने उशिरा ओळखलं तो दवाखाना. आणि ज्याने पंप पाठीवर घेतला, नोझल हातात धरली, तो स्वतः. यातला 'मारणारा' कोण? त्या वेळी गावागावांत लोक हेच विचारत होते, आणि सदोष मनुष्यवधाचे गुन्हे नोंदवा अशी मागणीही होत होती.

आमच्या शास्त्रात हा प्रश्न फार जुना आहे. नैयायिकांनी कारणाची व्याख्या करताना दोन अटी घातल्या. एक, ते कार्याच्या आधी नेमाने असलं पाहिजे. दोन, ते 'अन्यथासिद्ध' नसलं पाहिजे, म्हणजे त्याच्यावाचून कार्याचा उलगडा होत असेल तर त्याला कारण म्हणायचं नाही. त्यांचं नेहमीचं उदाहरण मडक्याचं. कुंभार, चाक, दांडा, माती ही कारणं. माती वाहून आणणारं गाढव? एखाद्या मडक्याच्या आधी गाढव असतं खरं, पण माती डोक्यावरून आणली तरी मडकं होतंच. म्हणून गाढव बाद. आणि कुंभाराचा बाप? बाप नसता तर कुंभार नसता, कुंभार नसता तर मडकं नसतं. तरीही बाप मडक्याचं कारण नाही. कुंभार म्हणून जे काही लागतं ते कुंभारात आलं, बापाला वेगळं मोजायची गरज उरली नाही.

विद्यार्थ्यांना हे शिकवताना दरवर्षी हशा पिकायचा. पण नीट बघितलं तर फौजदारी न्यायालयं रोज हेच करतात. 'हे नसतं तर ते झालं नसतं' एवढ्यावर भागत नाही, कारण त्या हिशेबाने कुंभाराचा बापही आरोपी होतो आणि पंपाचा शोध लावणाराही. म्हणून चाळणी लावावी लागते. भांडण असतं ते चाळणीच्या भोकांचं.

आपल्याकडची चाळणी कुठून आली? मुंबई उच्च न्यायालयातून. १९०२ साली एम्परर विरुद्ध ओंकार रामप्रताप या खटल्यात मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ चा अर्थ लावला. हे कलम म्हणजे बेदरकार किंवा निष्काळजी कृतीने मृत्यू घडवणे. मूळ १८६० च्या संहितेत ते नव्हतंच, १८७० मध्ये घातलं गेलं. जेन्किन्स यांच्या म्हणण्याचा आशय असा, की मृत्यू हा आरोपीच्या निष्काळजीपणाचा थेट परिणाम असला पाहिजे, ते कारण निकटचं आणि पुरेसं समर्थ असलं पाहिजे, आणि मध्ये दुसऱ्या कुणाचा निष्काळजीपणा आलेला नसावा. लॅटिनमध्ये यासाठी जोडी आहे. 'कॉजा कॉजन्स' म्हणजे घडवणारं कारण, आणि 'कॉजा सायनी क्वा नॉन' म्हणजे ज्यावाचून घडलं नसतं असं कारण. दुसरं पुरत नाही, पहिलं हवं. सव्वाशे वर्षं होत आली, हे सूत्र अजून निकालांमधून येतं.

आता या सूत्राने काय होतं ते मुंबईच्याच एका खटल्यात बघा. कुर्बान हुसेन विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९६५ च्या निवाड्यांत छापलेला. रंग आणि वार्निश बनवणारा कारखाना. व्यवस्थापकाने ज्या खोलीत टर्पेंटाइन, वार्निश असा जळाऊ माल साठवला होता त्याच खोलीत बर्नर पेटवून काम चालू ठेवलं होतं. तशा कामाचा परवाना नव्हता. एके दिवशी एका कामगाराने वितळलेलं बिटुमेन पुरेसं निवण्याआधीच त्यात टर्पेंटाइन ओतलं. फेस आला, उतू गेला, आग लागली. सात कामगार मेले. खालच्या न्यायालयांनी व्यवस्थापकाला ३०४-अ खाली दोषी धरलं. सर्वोच्च न्यायालयाने त्यातून त्याला सोडलं. कारण काय? बर्नर त्या खोलीत असणं हे आगीचं लांबचं कारण. निकटचं कारण म्हणजे त्या कामगाराने घाईने ओतलेलं टर्पेंटाइन. व्यवस्थापकावर आगीबाबत हलगर्जीपणाचं कलम २८५ तेवढं राहिलं.

इथे थांबा जरा. शेवटचा हात कामगाराचा, म्हणून मालकाच्या बाजूचा दोष 'लांबचा' झाला. हे सूत्र तसंच उचलून यवतमाळला आणा. शेवटचा हात कुणाचा? फवारणाऱ्याचा. औषधं त्यानेच कालवली, पंप त्यानेच चालवला, तोंडाला रुमाल त्यानेच बांधला नाही. म्हणजे ज्याचा जीव गेला तोच त्याच्या मृत्यूचं निकटचं कारण! आणि लेबलवरच्या सूचनांप्रमाणे वापरलं तर माल सुरक्षित आहे, ही उत्पादकांची नेहमीची भूमिका त्याला नेमकी जुळते.

भोपाळला अगदी हेच झालं होतं. डिसेंबर १९८४ च्या वायुकांडानंतर युनियन कार्बाइडने मांडणी केली ती एका नाराज कामगाराने टाकीत मुद्दाम पाणी सोडल्याची. शेवटचा हात शोधायचा आणि तो खालच्या माणसाचा निघाला की वरची साखळी तुटली असं म्हणायचं. १९९६ मध्ये केशुब महिंद्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय अधिकाऱ्यांवरचा कलम ३०४ भाग दोनचा आरोप काढून ३०४-अ वर आणला. मृत्यू होईल याचं ज्ञान होतं असं दाखवणारी सामग्री नाही, असं न्यायालयाचं मत पडलं. ७ जून २०१० ला भोपाळच्या न्यायालयात शिक्षा झाली ती दोन वर्षांची. ३०४-अ ची कमाल शिक्षाच तेवढी. हजारो मृत्यू आणि दोन वर्षं. आम्हाला हा निकाल कधीच पचला नाही. पण एवढं मान्य करावं लागेल, की साखळी तुटली असं न्यायालयाने म्हटलं नाही. कारण म्हणून ते लोक चाळणीत राहिले, घसरलं ते ज्ञानाच्या पायरीवर.

शेवटच्या हाताचं सूत्र खरोखर इतकं पक्कं आहे का? नाही, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. कुर्बान हुसेननंतर थोड्याच वर्षांत रुस्तम इराणी हा महाराष्ट्रातलाच खटला आला. बेकरीची चिमणी. मालकाने जाणकार माणसाचा सल्ला न घेता गवंड्याकडून तिचं काम करून घेतलं, ती कोसळली, अकरा माणसं मेली. विटा गवंड्याने लावल्या, पण शिक्षा मालकाला. न्यायालयाने कुर्बान हुसेनपासून हा खटला वेगळा काढला.

मोठं वळण आलं ते दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाच्या प्रकरणात. १३ जून १९९७, ५९ प्रेक्षक गुदमरून मेले. आग लागली ती वीजमंडळाच्या ट्रान्सफॉर्मरमधून, आणि त्याची दुरुस्ती वीजमंडळाच्या माणसांनी नीट केली नव्हती. चित्रपटगृहाच्या मालकांचं म्हणणं उघड होतं, की आग आम्ही लावली नाही, निकटचं कारण ट्रान्सफॉर्मर. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये प्रश्नच वेगळा विचारला. माणसं कशाने मेली? ज्वाळांनी नाही. धुरातून वेळेत बाहेर पडता आलं नाही म्हणून मेली. बाहेर का पडता आलं नाही? बाल्कनीत जादा खुर्च्या बसवून वाट अडवली होती, बाहेर पडायची एक बाजू बंद होती. ती वाट मोकळी ठेवायचं कर्तव्य मालकांचं. म्हणून तेच निकटचं कारण.

यातलं तर्काचं कसब बघा. 'कारण' हा शब्द घटनेला लागत नाही, घटनेच्या वर्णनाला लागतो. 'आग का लागली' विचारलं तर उत्तर ट्रान्सफॉर्मर. 'आग लागल्यावर माणसं का मेली' विचारलं तर उत्तर अडवलेली वाट. फवारणीत 'विष शरीरात कसं गेलं' विचारलं तर उत्तर मजुराचा श्वास आणि त्याची कातडी. 'विष हाताळणाऱ्या माणसाच्या अंगावर त्याला अडवणारं काहीच का नव्हतं' विचारलं तर उत्तर दुसरीकडे जातं. दोन्ही प्रश्न खरे. कुठला विचारायचा हे कर्तव्य कुणाचं होतं त्यावरून ठरतं. म्हणून कायद्यातलं कारण हे शुद्ध विज्ञानातलं कारण नव्हे, त्यात कर्तव्य आधीच मिसळलेलं असतं. हार्ट आणि ऑनरे या दोघांनी १९५९ मध्ये 'कॉजेशन इन द लॉ' या ग्रंथात याची फार बारकाईने मांडणी केली आहे. त्यातली एक गोष्ट आपल्याला लागणार आहे. दुसऱ्या माणसाची कृती मध्ये आली म्हणून साखळी आपोआप तुटत नाही. ती कृती मोकळेपणाने, जाणूनबुजून आणि पुरेशा माहितीने केलेली असेल तरच तुटते.

मग आपला फवारणारा मोकळा होता का? त्याला माहिती होती का? डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. तांबडा म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. मोनोक्रोटोफॉस तांबड्यातलं. आम्ही विचारतो, रोजाने आलेल्या मजुराला तो त्रिकोण कुणी समजावून सांगितला? त्याच्या हातात बरेचदा डबा येतच नाही, बादलीत कालवलेलं पाणी येतं. डब्यासोबतचं पत्रक अनेक भाषांतलं, अक्षर मुंगीएवढं. आणि वर त्याला सगळे 'औषध' म्हणतात. रोज नाकारला तर उद्या काम नाही. अशा माणसाने मास्क न लावणं ही 'जाणूनबुजून केलेली मोकळी निवड' म्हणायची असेल तर शब्दांना अर्थ उरत नाही. शिवाय फौजदारी कायद्यात मृताचा स्वतःचा थोडा निष्काळजीपणा हा आरोपीचा बचाव होत नाही. नुकसानभरपाईच्या दाव्यात त्याने रक्कम कमी होईल, पण गुन्ह्यात नाही. मृताचा निष्काळजीपणा हेच मृत्यूचं एकमेव कारण ठरलं तरच आरोपी सुटतो.

आता कर्तव्याकडे. न केलेल्या गोष्टीला कारण म्हणता येतं का? आम्ही आज सकाळी यवतमाळच्या कुठल्याही मजुराला मास्क दिला नाही, तुम्हीही दिला नाही. म्हणून आपण कारण होत नाही. दंड संहिता सांगते की कृतीमध्ये बेकायदेशीर अकृतीही धरायची. अकृती बेकायदेशीर केव्हा? जे करायला कायद्याने बांधलेले होतात ते केलं नाहीत तेव्हा. ज्या गोष्टीवरून दिवाणी दावा लागू शकतो तीही 'बेकायदेशीर' या शब्दात बसते.

तर कायद्याने कोण बांधलेला होता? कीटकनाशक कायदा १९६८ चा, नियम १९७१ चे. नियम म्हणतात की उत्पादनापासून फवारणीपर्यंत कीटकनाशक हाताळणाऱ्या व्यक्ती योग्य कपड्यांनी पुरेशा संरक्षित असल्या पाहिजेत. 'संरक्षित असल्या पाहिजेत'. कुणी करायच्या संरक्षित? वाक्यात कर्ताच नाही. आम्ही आयुष्यभर वाक्यं तपासण्याचा धंदा केला, तर सांगतो, जिथे कर्ता गळतो तिथे जबाबदारीही गळते. बरं, त्याच कायद्याचं कलम ३८ बघा. स्वतःच्या घरासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीसाठी कुणी कीटकनाशक वापरत असेल तर त्या वापराला हा कायदा लागूच नाही. म्हणजे विष जिथे माणसाच्या नाकातोंडात जातं तिथे, शेतात, धुऱ्याच्या आत, हा कायदा दाराशीच थांबतो. शेतकऱ्याला इन्स्पेक्टरचा जाच होऊ नये हा हेतू असेल. पण त्या सवलतीच्या पोटात मजूर सापडला. शेतमालकाचं कर्तव्य मग या कायद्यातून काढता येत नाही. मालकाने नोकराला सुरक्षित साधनं द्यावीत या दिवाणी तत्त्वातून काढावं लागतं. निघतं, पण दमछाक होते.

आणि शेतमालक म्हणजे कोण? आपल्याकडे तो बहुधा चार-पाच एकरांचा, स्वतः कर्जात असलेला माणूस. २०१७ ला मेलेल्यांत स्वतःच्या शेतात फवारणारेही होते. अशा माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून साखळी तिथेच संपवणं आम्हाला पटत नाही. मजुराच्या हातावरून दोष उचलून त्याच्या शेजारच्या हातावर ठेवला, एवढंच होतं.

दुकानदाराचं काय? त्याने परवानगी नसलेलं मिश्रण सुचवलं असेल, मुदत संपलेला किंवा बनावट माल दिला असेल, तर तो साखळीत बराच जवळ येतो. पण एक जुना निकाल त्याच्या बाजूने उभा राहील. १९७२ चा अंबालाल भट्ट विरुद्ध गुजरात राज्य. बडोद्याच्या एका औषध कारखान्यात ग्लुकोज सलाइनमध्ये लेड नायट्रेट गेलं, रुग्ण मेले. मुख्य विश्लेषकावर आरोप असा, की त्याने चार-पाच लॉटना एकच बॅच क्रमांक दिला, वेगळे दिले असते तर दोष पकडला गेला असता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हे निकटचं कारण नाही, चूक अनेकांची आहे, याच्या एकट्याच्या कृतीतून मृत्यू थेट आला असं दिसत नाही. तो सुटला. 'अनेकांची चूक' हा युक्तिवाद किती सोयीचा आहे बघा. चुकणारे जितके जास्त, तितका प्रत्येकाचा वाटा बारीक, आणि शेवटी कुणीच कारण नाही. आम्हाला वाटतं इथे तर्काची गफलत आहे. मडक्याला चाकही लागतं आणि मातीही, म्हणून माती कारण नाही असं नैयायिक कधी म्हणाला नाही.

ही गफलत फवारणीत आणखी एका रूपात येते, ती विषांच्या पातळीवर. माणसाने एका बादलीत तीन औषधं कालवली. तो मेला. पहिल्या कंपनीचा वकील म्हणेल, आमचं नसतं तरी बाकी दोघांनी मेला असता. दुसरीचा तेच म्हणेल. तिसरीचाही. तिघेही 'हे नसतं तर' या कसोटीवर सुटले! जे. एल. मॅकी या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने १९६५ मध्ये यावर एक उपाय सुचवला. घटना घडवायला पुरेसा असा एक गठ्ठा घ्या. त्या गठ्ठ्यातला जो भाग काढला तर गठ्ठा अपुरा पडतो, तो भाग कारणाच्या पंक्तीत बसतो, भले दुसरा एखादा गठ्ठाही शेजारी तयार असो. तत्त्वज्ञानात हे मान्य होईल. कोर्टात मात्र आधी विचारतील, या माणसाच्या शरीरात नेमकं कुठलं विष होतं ते दाखवा.

आणि इथे ती कोलिनेस्टरेजची तपासणी परत येते. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट विषं शरीरातलं हे विकर अडवतात. रक्त वेळेत तपासलं तर विषाची जात कळते, आणि ॲट्रोपिनसारखा उतारा कुठल्या हिशेबाने द्यायचा तेही कळतं. तीच सोय पुरेशी नव्हती. डायफेंथियुरॉन या रसायनाची गोष्ट आणखी वेगळी. ते 'पोलो' या नावाने विकलं जातं, ऑर्गॅनोफॉस्फेट नाही, आणि त्याला विशिष्ट उतारा नाही. पोलिसांच्या नोंदींत पोलोशी जोडलेल्या ९६ विषबाधा होत्या, दोन मृत्यूंसह, असं स्विस संस्था 'पब्लिक आय'ने २०२० मध्ये कागदपत्रांच्या आधारे मांडलं. सिंजेंटा कंपनीने आपल्या उत्पादनाचा संबंध नाकारला. सप्टेंबर २०२० मध्ये ५१ बाधित कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये ओईसीडीच्या नियमांखाली तक्रार झाली, आणि तिघांनी बाझेलमध्ये भरपाईसाठी दिवाणी मार्ग धरला. दिवाणी का, फौजदारी का नाही, हे आता तुमच्या ध्यानात आलं असेल. दिवाणीत 'असंच झालं असण्याची शक्यता जास्त' एवढं दाखवावं लागतं. फौजदारीत वाजवी शंकेला जागा उरता कामा नये.

पुरावा नसला की काय होतं याचं जुनं उदाहरण मोती सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य, १९६४. गोळी लागलेला माणूस दवाखान्यातून घरी गेला आणि तीन आठवड्यांनी मेला. शवविच्छेदनाविना अंत्यसंस्कार झाले. गोळी झाडल्याचा पुरावा भक्कम होता, पण मृत्यू त्याच जखमांनी झाला हे सिद्ध झालं नाही म्हणून खुनाचा आरोप टिकला नाही. फवारणी करून घरी आलेला, चार दिवस अंगावर काढलेला आणि रात्री मेलेला मजूर आठवा. सकाळी लवकर उरकून टाकू म्हणणारे नातेवाईक आठवा. त्यांचं दुःख समजतं, पण त्या चितेत पुरावाही जळतो.

वेळ होत आलाय, दोन चिठ्ठ्या आल्या आहेत त्या घेतो.

पहिली: 'दवाखान्यात नीट उपचार झाले असते तर वाचला असता. मग कारण डॉक्टर नाही का?' संहितेच्या कलम २९९ चं दुसरं स्पष्टीकरण यासाठीच आहे. शारीरिक इजेने मृत्यू झाला तर इजा करणाराच मृत्यूचं कारण, योग्य उपचारांनी माणूस वाचला असता तरीसुद्धा. पहिलं स्पष्टीकरणही तसंच: आधीच आजारी असलेल्या माणसाला इजा करून त्याचा मृत्यू अलीकडे ओढला, तरी तुम्हीच कारण. मजूर आधीच अशक्त होता, हा बचाव चालत नाही. मात्र ही स्पष्टीकरणं सदोष मनुष्यवधाच्या कलमाची आहेत. ३०४-अ मध्ये न्यायालयं जेन्किन्स यांच्या चाळणीकडेच वळतात. डॉक्टरचा दोष वेगळा तपासावा लागेल, आणि २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर त्याला ढोबळ, ठळक निष्काळजीपणा दाखवावा लागतो.

दुसरी चिठ्ठी: 'मालकाने मास्क दिला, मजुराने उकाड्याने काढून ठेवला. आता कोण?' विचारणारे बहुधा स्वतः शेतकरी असावेत. मास्क चांगला होता, कसा वापरायचा ते सांगितलं होतं, विष कोणतं आहे हे त्याला कळत होतं, आणि तरी त्याने तो काढला, तर मालक फौजदारी कारणाच्या साखळीतून बाहेर पडतो असं आम्हाला वाटतं. पण पस्तीस अंशाच्या दमट दुपारी, डोक्याएवढ्या पऱ्हाटीत, दिवसाला पंधरा-वीस टाक्या मारायच्या अटीवर मास्क दिला असेल, तर तो काढला जाणार हे देणाऱ्यालाही ठाऊक असतं. मग त्याचं काढणं ही मध्ये आलेली अनपेक्षित कृती राहत नाही. अशा वेळी सकाळच्या वेळात फवारणी ठेवणं, टाक्या कमी करणं, वाऱ्याची दिशा बघणं, हे न केल्याचा हिशेब मागता येतो. १ जुलै २०२४ पासून ३०४-अ च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आलं आहे, कमाल शिक्षा दोनाची पाच वर्षं झाली. 'कारण' या शब्दाची व्याख्या मात्र नव्या संहितेतही कुठे दिलेली नाही. ती पुढेही निकालांतूनच ठरणार. २०१७ च्या मृत्यूंना जुनीच संहिता लागू.